मुरमुऱ्यांची लाज

आमच्या विदर्भात आता पाहुणा दारात आला की आधी पाकीट फाटल्याचा आवाज येतो, चहाचं आधण मागाहून. बिस्किटांचा पुडा, फरसाण, उन्हाळा असला तर रंगीत थंड बाटली. घर शेतकऱ्याचं. कोठीत गहू, माळ्यावर फल्लीच्या (भुईमुगाच्या) शेंगांचं पोतं, गोठ्याच्या कवेलूवर कोहळ्याचा (लाल भोपळ्याचा) वेल चढलेला. अन् पाहुण्याच्या बशीत मात्र कुठल्याशा कारखान्यातली पामतेलातली शेव. मला हे पटत नाही. लिहीन लिहीन म्हणत होते, आज वेचणीच्या बाया लवकर घरी गेल्या म्हणून बसले.

मागे दिवाळीनंतर मिस्टरांचे पुण्याचे मित्र आले होते. मी कच्च्या चिवड्यासाठी कोपरात, म्हणजे पसरट परातीत, मुरमुरे काढले तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागून येऊन कानात म्हणाल्या, "त्याइले मुरमुरे नोको देजो वं माय. लोकं काय म्हन्तीन, यायच्या घरी खायले नाही?" आत्याबाईंशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही. मी हो म्हटलं आणि कांदा चिरत राहिले.

कच्चा चिवडा म्हणजे आमच्याकडे काय असतं ते विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. गॅस पेटवायचा नाही. मुरमुरे कुरकुरीत हवेत, सर्दावले असतील तर घटकाभर उन्हात ठेवायचे. कांदा बारीक चिरायचा, पण आधी चिरून ठेवायचा नाही, त्याला पाणी सुटतं. मुरमुऱ्यांवर आधी कच्चं फल्लीचं तेल, मग तिखट आणि मीठ, आणि हे हातानं चोळायचं. चमच्यानं केलं की तिखट एका जागी बसतं आणि कुणाच्या तरी घासाला सगळं एकदम येतं. दाणे, फुटाण्याची डाळ, भरपूर सांभार (कोथिंबीर), घरी असली तर जवसाची चटणी. कांदा अगदी शेवटी. आणि मग थांबायचं नाही, लगेच खायला बसायचं, कारण पाच मिनिटांत मुरमुरे मऊ पडतात. हा पदार्थ एकट्यानं खायचा नाहीच. कोपर मधे ठेवायचं आणि चारी बाजूंनी हात. पुण्याच्या मंडळींनी कोपर रिकामं केलं आणि तळाचं तिखट बोटानं पुसून घेतलं. बिस्किटं बशीत तशीच राहिली, ती दुसऱ्या दिवशी गाईला गेली.

आत्याबाईंना मात्र ते पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं मी थट्टेवारी नेणार नाही. त्यांच्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. रेशनची ती लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, हे त्यांच्या तोंडून ऐकलं की घास अडकतो. ज्वारीची भाकर रोजची होती आणि गव्हाची पोळी सणाची. ज्याला लहानपणी मुरमुऱ्यांवर दिवस काढावा लागला, त्याला पाहुण्यासमोर पुडा फोडता येणं हे वर आल्याचं लक्षण वाटणारच. माझी तक्रार त्यांच्याशी नाही. माझी तक्रार आमच्या वयाच्या लोकांशी आहे. आम्ही दुष्काळ पाहिला नाही, लाज मात्र तेवढी आयती उचलली.

गंमत अशी की शहरात गाडी नेमकी उलटी फिरली आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून ज्वारीची बिस्किटं, ज्वारीच्या लाह्यांचे पुडे सुंदर पाकिटात दिसायला लागले. थंडीत शहरातली माणसं पैसे भरून हुरडा खायला गाड्या काढून येतात. येऊ द्या, हुरड्यासारखी गोष्ट नाही. पण आमच्या गावात हुरडा खायचा तर ज्वारी पेरलेलं शेत शोधत हिंडावं लागतं. सगळीकडे कापूस आणि सोयाबीन. कुणी हौसेनं चार ओळी ज्वारी टाकली तर दाणा भरला की दिवसा पाखरं आणि रात्री रानडुकरं. जागलीला कोण जाणार? आसपास सगळ्यांनी ज्वारी लावली असती तर पाखरं वाटली गेली असती, एकट्याच्या शेतावर सगळी उतरतात. म्हणून ज्याच्याकडे होती त्यानंही सोडली. धापोडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, त्यांना ज्वारी आता आम्हीही विकतच आणतो.

धापोड्यांवरून आठवलं. उन्हाळी वाळवणातलं खरं खाणं वाळवण वाळायच्या आधीचं असतं हे ज्याला माहीत नाही त्याचं बालपण वाया गेलं असं माझं ठाम मत आहे. कुरड्यांचा चीक शिजला की गरम गरम वाटीत, वर दूध-साखर किंवा नुसतं कच्चं तेल आणि मीठ. धापोडा दुपारपर्यंत अर्धा वाळतो, कापडावरून सोडवताना फाटतो, तो फाटलेला पोरांचा. आणि न फाटलेलाही पोरांचाच, फक्त कुणाचं लक्ष नसताना. सरगुंड्यांचं तर विचारू नका. मऊ कणकेची लांब दोरी काडीवर गुंडाळत न्यायची, हलकेच काढून घ्यायची, वाळवायची. पाहुणे आले की वाफवायची आणि आमरसात बुडवायची. रस त्या वेटोळ्यांत आतपर्यंत शिरतो. कुठल्या हॉटेलात मिळत नाही हे, आणि मिळू नये.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, म्हणजे झाडीपट्टी. सासर यवतमाळ जिल्ह्यात. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, विदर्भातून विदर्भातच तर जाते आहे. कसलं काय. तिकडे धान, इकडे ज्वारी-कापूस. तिकडे गावागावाला तलाव, मालगुजारीच्या काळापासूनचे, त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. इकडे विहीर आणि आभाळ. तिकडच्या खाऊत तांदूळ, शिंगाडे, मोहफूल. इकडे पहिल्या वर्षी मी मोहफुलांचे लाडू आणले तर दीर आणि त्यांचे मित्र हसून हसून लोळले. "वहिनी, हे खायचे का प्यायचे?" मोह म्हटलं की माणसांना एकच गोष्ट सुचते.

तर त्या सगळ्या विनोदी पुरुषांसाठी: मोहफूल पहाटे गळतं. चैताच्या सुमारास बाया-पोरं अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण ऊन चढलं की जनावरं येतात. फुलं वेचायची, उन्हात वाळवायची, वाळली की मनुक्यासारखी होतात. आई ती चोळून आतला जिरा, म्हणजे केसर, काढते, मंद आचेवर भाजते, भाजलेल्या तिळाबरोबर उखळात कुटते. गूळ घालायची गरजच पडत नाही इतकी ती गोड असतात. वास तीव्र असतो, ते मान्य. पहिल्या घासाला नाक मुरडलं जातं, तिसऱ्याला डबा कुठे ठेवला ते विचारलं जातं. दीर आता मी माहेरी निघाले की बॅग भरतानाच आठवण करून देतात. २०२१ साली राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम बातमी दाखवली होती. म्हटलं, बघा, सरकारलाही कळलं.

पण मला कुणी एकच गोड पदार्थ निवडायला सांगितला तर मी ना मोहाचे लाडू म्हणेन ना पुरणपोळी. कोहळ्याची बोंडं, म्हणजे गोड भजी. पुरणपोळी मोठी आहे, तिला सण लागतो, पुरण वाटायला माणसं लागतात. बोंडांना काही लागत नाही. पिकलेलं लाल कोहळं किसायचं, थोड्या तुपावर परतून त्याच्याच पाण्यात शिजू द्यायचं. वरून पाण्याचा थेंब नको, इथेच बहुतेकांची बोंडं बिघडतात. गूळ घालून विरघळला की गंज, म्हणजे पातेलं, खाली उतरवून पार गार करायचं. गरम असताना कणीक घातली की चिकट गोळा होतो आणि बोंडं आतून कच्ची राहतात. कणीक किती? किसात मावेल तेवढी. प्रमाण विचारू नका, कोहळं कसं निघालं त्यावर आहे. चिमूटभर मीठ, जायफळ, मुठभर जाडसर रवा, म्हणजे वरची साल कुरकुरीत होते. मग हातानंच लहान लहान सोडायची, मध्यम आचेवर. आच मोठी केली की गूळ आधी करपतो. आकार वेडावाकडा येतो, यायलाच हवा. एकसारखी गोल बोंडं पाहिली की मला ती विकतची वाटतात. पहिल्या दिवशी चांगली लागतात, दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या चहाबरोबर त्याहून चांगली.

आता कुणीतरी म्हणेल, करायला वेळ कुणाला आहे? हा प्रश्न पुरुषानं विचारला तर मी उत्तर देत नाही. बाईनं विचारला तर तिचं खरं आहे. सकाळी सातला निंदणाला नाही तर वेचणीला गेलेली बाई संध्याकाळी कंबर धरून येते, तिनं कढई ठेवावी असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पाकीट तिच्यासाठी सोय आहे आणि ती सोय तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये. "आजकालच्या बाया आळशी झाल्या" असं लिहिणाऱ्या पोस्टी इथे रोज दिसतात, लिहिणाऱ्यांनी एकदा उन्हाळ्यात चिकाच्या गंजात दांडा फिरवून पाहावा. म्हणूनच मी कच्च्या चिवड्याची बाजू घेते. त्याला कढई नाही, आच नाही, आणि तो पुरुषाच्याही हातानं होतो. आमच्या घरी आता मिस्टरच करतात. कांदा फार जाड चिरतात, ते मी सहन करते.

आणि बाहेरचं खाऊच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. शेगावला गेलो आणि कचोरी न खाता आलो असं कधी घडत नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी स्टेशनवर सुरू केलेली ती कचोरी, आज आमचीच झाली आहे. नागपुरात उतरलं की सकाळी सकाळी तर्री पोहा हवाच, वर चण्याचा लाल रस्सा आणि कपाळावर घाम. वर्ध्याचा गोरस पाक तर मी घरात लपवून ठेवते. संत्रा बर्फीबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. ती आम्ही पाहुण्यांना बांधून देतो, पाहुणे दुसऱ्यांना देतात, खातं कोण देव जाणे. संत्रं हातात असताना त्याची बर्फी कशाला? वरुड-मोर्शीकडच्या मैत्रिणी आता मला अनफ्रेंड करतील.

या सगळ्यांचं एक आहे. त्यांना त्यांची जागा आहे, चव आहे, करणारा हात आहे. माझं भांडण आहे ते कुठूनही न आलेल्या, सगळीकडे सारख्याच लागणाऱ्या पाकिटाशी. तेही एकदा सोडून दिलं असतं, पण ते भुलाबाईत घुसलं.

भुलाबाई म्हणजे आमच्या पोरींचा सण. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गाणी म्हणायची आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. आता महिनाभर कुणी बसवत नाही, बहुतेक ठिकाणी कोजागिरीचा एकच दिवस उरलाय. ज्या पोरीची खिरापत असेल ती झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवते, बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. गोड का तिखट? चावायचं का चाटायचं? ओळखलं नाही तर हार मानायची. माझ्या लहानपणी बाया हरवण्यासाठी काय काय करायच्या, भिजवलेली डाळ काय, गुळात घोळलेले फुटाणे काय. मागच्या काही वर्षांत पोरी वेफर्सची पाकिटं आणायला लागल्या. त्यात ओळखायचं काय? वर छापलेलंच असतं. डबा हलवायचा खेळच संपला, पाकीट फोडलं, वाटलं, घरी.

यंदा आमच्या गल्लीत आम्ही तिघी-चौघींनी ठरवलं की छापलेलं काही आणायचं नाही. एकीच्या आईनं तोंड वाकडं केलं, पण पोरींना चेव चढला. कुणी तिखटमिठाच्या पुऱ्या, कुणी उकडलेल्या शेंगा, कुणी मुरमुऱ्यांचे गुळातले लाडू. एका चतुर पोरीनं नुसता गुळाचा खडा रुमालात गुंडाळून डब्यात टाकला, डबा हलवला तर आवाजच नाही. सगळ्या हरल्या. माझ्या पोरीकडे आजीनं भंडाऱ्याहून एसटीनं पाठवलेले उकडलेले शिंगाडे होते. खडखड आवाज. गोड? नाही. तिखट? नाही. आंबट? नाही. तळलेलं? नाही. दगड? झाकण उघडलं तर आत काळे, दोन शिंगांचे शिंगाडे. अर्ध्या पोरींनी ते जन्मात पाहिले नव्हते, एकजण तर मागे सरकली. मी सुरीनं मधोमध कापून आतला पांढरा गर काढून दाखवला, मग दातांनी सोलायची स्पर्धाच लागली, बोटं काळी, फ्रॉक काळे, घरोघरी बोलणी. जिच्या आईनं तोंड वाकडं केलं होतं ती दुसऱ्या दिवशी विचारायला आली, तुमच्या आई अजून पाठवतील का, पैसे देते.

पोरी मात्र त्याच रात्री पुढच्या कोजागिरीच्या तयारीला लागल्या. कोण काय आणणार ते आत्तापासून ठरवत होत्या. मी दाराशी उभी होते तर मला बाहेर काढलं. म्हणे, काकू ऐकतील आणि त्यांच्या पोरीला सांगतील.