साइड स्टँड वाढवू नका, गाडी उलट जास्त पडेल

पावसाळा तोंडावर आला की एक सल्ला खानापूरपासून निपाणीपर्यंत गावोगावच्या ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतो: ‘साइड स्टँड कापून इंचभर वाढवा, खाली रुंद लोखंडी पट्टी वेल्ड करा, स्टँडचा सेन्सर काढून टाका. शे-दोनशेत काम होतं, गाडी पुन्हा कधी पडत नाही.’ यातली पट्टीची गोष्ट तेवढी अर्धी खरी आहे. बाकीचं ऐकून कुणाचा तरी पाय गाडीखाली सापडेल, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लांबीचं. गाडी कमी कलली की कमी पडते, हा समजच उलटा आहे. स्टँड डावीकडे असतो, उजवीकडे आधाराला काहीच नसतं. गाडीचा भार डावीकडे कलून स्टँडवर येतो, म्हणूनच ती उभी राहते. टायरच्या रेषेपासून स्टँडचं टोक साधारण वीतभर लांब टेकतं. स्टँड इंचभर वाढवला की कल पाच-सहा अंशांनी घटतो, आणि मुळात तो असतोच दहा-पंधरा अंश. मग बेळगावच्या खडे बाजारात शेजारची गाडी काढताना नुसतं हँडल लागलं तरी आपली गाडी उजवीकडे जाते आणि ओळीतल्या आणखी चार घेऊन पडते.

दूधवाल्यांनी तर या सल्ल्याच्या वाटेलाच जाऊ नये. कॅन भरले की मागचे शॉक दबतात आणि गाडी खाली बसते, पण स्टँड तेवढाच राहतो. म्हणजे भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा जास्त सरळ उभी असते. त्यात स्टँड वाढवलेला असला तर ती जवळजवळ ताठच. अशा वेळी डावा कॅन आधी उतरवला की उजवा कॅन गाडीला उजवीकडे ओढतो आणि दूध, गाडी, माणूस सगळंच खाली. भरलेली गाडी डबल स्टँडवरच लावा. तशी सोय नसेल तर उजवा कॅन आधी उतरवा.

आता पट्टी. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात भिजलेल्या लाल मातीत, अथणी-गोकाककडच्या काळ्या रानात, एप्रिल-मेच्या उन्हात मऊ पडलेल्या डांबरावर स्टँडचं टोक रुततं, हे खरं. टोक रुंद असलं की भार पसरतो आणि रुतणं कमी होतं, हेही खरं. पण तळहाताएवढी पट्टी वेल्ड केली की स्टँड मिटल्यावरही ती खाली लोंबत राहते. चोर्ला घाटातल्या डाव्या वळणावर गाडी कलली आणि पट्टी रस्त्याला घासली, तर मागचं चाक उचललं जाऊ शकतं. आपल्या मॉडेलसाठी नट-बोल्टवर बसणारं लहान रुंद टोक मिळत असेल तर ते लावा, आणि मिटलेल्या स्टँडवर ते कुठे लागत नाही ना, हे बसवतानाच बघा. नाहीतर फळीचा एक चपटा तुकडा डिकीत ठेवा. चिखलात तो स्टँडखाली सरकवला की काम झालं.

गाडीवरच वेल्डिंग करून घेणं हा आणखी एक धोका. १ एप्रिल २०२० नंतर आलेल्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांत पेट्रोलचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक युनिट सांभाळतं. आर्क वेल्डिंगच्या करंटने ते जळू शकतं. स्टँडवर काही काम करायचंच असेल तर तो काढून न्या.

सेन्सर काढून टाकण्याच्या सल्ल्याचा मला खरोखर राग येतो. स्टँड खाली ठेवून निघालेली गाडी डाव्या वळणावर टेकते आणि चालवणाऱ्याला फेकते. रस्त्यावर अनोळखी माणूस ‘ओ मामा, स्टँड!’ म्हणून ओरडतो, कुणी कन्नडमधून ‘स्टँड तेगीरी’ (स्टँड काढा) म्हणून हात दाखवतो, ते याच भीतीने. रात्री रिकाम्या रस्त्यावर ओरडायला कोणी नसतं, तिथे स्टँड खाली राहिला तर तो सेन्सर इंजिन बंद पाडतो. चिखल बसून तो अडत असेल तर पाण्याने धुवा. खराब झाला असेल तर नवा घाला.

मग गाडी पडते कशाने? बहुतेक वेळा ती पुढे सरकते म्हणून. उघडा स्टँड पुढच्या बाजूला तिरपा असतो. गाडी पुढे सरकली की तो मागे मिटतो, मागे सरकली तर आणखी घट्ट बसतो. म्हणून उतारावर तोंड चढाकडे करून लावा, पहिला गिअर टाका, हँडल डावीकडे वळवा. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे उजव्या कडेला सरळ तोंड करून लावलेली गाडी ताठ होते. तिथे लावू नका.

दुसरं कारण स्टँडच्या झिजलेल्या बोल्टचं. जुनी गाडी दरवर्षी थोडी जास्त कलायला लागली की लोक स्टँड आखूड पडला म्हणतात. स्टँड हातात धरून आडवा हलवून बघा. खडखड वाजला तर बोल्ट किंवा बुश (बोल्टभोवतीची धातूची नळी) गेलंय. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर अशी बुशं करून देणारे कसबी फिटर आहेत, त्यांच्याकडे जा.

स्टँड वाढवणं एकाच वेळी योग्य ठरतं: मागचा टायर किंवा शॉक बदलून गाडी उंच झाली असेल तर, आणि तेही जेवढी उंच झाली तेवढंच. ज्यांनी आधीच वाढवून घेतलाय, त्यांनी सपाट जागेवर नेहमीचं ओझं लादून गाडी स्टँडवर लावावी, दुसऱ्याला उजवीकडे सावरायला उभं करावं आणि डावीकडून एका हाताने हलकं ढकलावं. स्टँड सहज जमीन सोडत असेल तर कंपनीच्या मापाचा स्टँड परत बसवून घ्या.