ज्यांच्याकडे गाडीच नाही असे मेंबर
जुन्या गाड्या हौसेने जपणाऱ्यांच्या क्लासिक कार क्लबांवरचा तुमचा लेख छान आहे पण एक खटकलं. बक्षीस मिळवलेल्या चकाचक गाड्या आणि त्यांचे मालक यांचेच फोटो, आणि ज्यांच्या जिवावर क्लासिक कार क्लब चालतो त्यांची बोळवण शेवटच्या दोन ओळींत! अहो कितीतरी क्लबांत सगळ्यात कामाच्या माणसाकडे स्वतःची जुनी गाडी नसतेच. कुठल्या मॉडेलला कुठलं गॅस्केट (जोडांतून गळती होऊ नये म्हणून बसवायचं पातळ पॅकिंग) बसतं ते त्याला तोंडपाठ, रॅलीच्या दिवशी पहाटेपासून भर पावसात वळणावर उभा राहून गाड्यांना रस्ता दाखवणारा पण तोच. जुनी मॅन्युअल्स पानपान स्कॅन करणारे तर कोणाला दिसतही नाहीत.

आता हेच बघा, बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेलं, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. नवा मालक हौसेने आजकालचा रेडिओ जोडायला जातो आणि क्लबातले एखादे काका फोनवरच दरडावतात, "थांब, आधी अर्थ कुठला ते बघ!" वाचला रेडिओ. इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात हेही हीच मंडळी बजावत असतात.

फोर्ड मॉडेल टी १९२७ सालीच बंद झाली तरी अजून रस्त्यावर दिसते, ती काय नुसती मालकाच्या पैशावर? पुढच्या वेळी निदान खजिनदाराशी तरी बोला, इन्शुरन्सचे कागद करता करताच बिचारा अर्धा होतो.