‘सर्व्हरमध्ये पाणी? एक थेंब गळला की संपलं!’ : या दाव्यांत किती तथ्य आहे

डेटा सेंटरमधल्या लिक्विड कूलिंगबद्दल, म्हणजे सर्व्हर हवेऐवजी द्रवाने थंड करण्याबद्दल, काही दावे सतत पुढे पाठवले जातात. चांगला एसी असला की हे लागतच नाही. एक थेंब गळला की अख्खा रॅक, म्हणजे सर्व्हरचं पूर्ण कपाट, जातो. या यंत्रणा बेसुमार पाणी पितात. दुसऱ्या टोकाचे लोक सांगतात, लिक्विड बसवा आणि एसी काढून टाका. एकेक दावा तपासू.

आधी एसीचं. हवेचं तापमान १० अंशांनी वाढू देऊन १ किलोवॅट उष्णता काढायची, तर मिनिटाला सुमारे ५ घनमीटर हवा लागते. तेवढ्याच फरकात पाण्याचं काम दीड लिटरमध्ये भागतं. १०-१५ किलोवॅटच्या रॅकला हवा पुरते, तिथे उगाच पाइप ओढू नयेत. पण एनव्हिडियाचा एआयसाठीचा जीबी२०० एनव्हीएल७२ हा एकच रॅक साधारण १२० किलोवॅटचा आहे. हवेवर चालवायचा तर त्याच्या जेमतेम सव्वा चौरस मीटर तोंडातून सेकंदाला १० घनमीटर हवा, म्हणजे ताशी २८-२९ किलोमीटरचा वारा, सतत घुसवावा लागेल. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याची वीज आठपट होते. एसी कितीही मोठा लावा, हे गणित बदलत नाही.

गळतीची भीती निराधार नाही, आणि समर्थकांचं ‘आत शुद्ध पाणी असतं, वीज वाहत नाही’ हे उत्तर चुकीचं आहे. कोल्ड प्लेटच्या, म्हणजे चिपवर बसवलेल्या आणि आतून द्रव वाहणाऱ्या धातूच्या प्लेटच्या, यंत्रणेत बहुतेक ठिकाणी २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक मिसळलेलं पाणी असतं; ते वीज वाहून नेतं. निव्वळ डीआयोनाइज्ड (आयन काढून टाकलेलं) पाणी भरलं, तरी धातूंच्या संपर्कात त्यातले आयन वाढत जातात. म्हणून सगळा भर गळती रोखण्यावर आणि लवकर पकडण्यावर असतो. गळती होते ती मुख्यतः जोडांवर: नीट न बसलेलं क्विक कपलिंग (झटकन जोडता-काढता येणारा जोड), चिरलेली ओ-रिंग (जोडातली रबरी कडी), जास्त वाकवलेला होज. द्रव भरण्याआधी लूपमध्ये, म्हणजे द्रव फिरतो त्या पाइपांच्या वळशात, नायट्रोजन दाबाने भरून ठेवतात आणि दाब उतरतो का ते पाहतात. सर्व्हरांना द्रव वाटून देणाऱ्या मॅनिफोल्ड पाइपखाली ट्रे आणि गळती ओळखणारी सेन्सर केबल असते. त्याहून आधीची खूण सीडीयूवर, म्हणजे द्रव फिरवणाऱ्या आणि त्याची उष्णता बाहेरच्या लूपला देणाऱ्या युनिटवर दिसते: टाकीची पातळी उतरत असेल किंवा भरणा पंप वारंवार सुरू होत असेल, तर कुठेतरी थेंब पडतोच आहे. हे तंत्र नवखंही नाही. आयबीएमचा ३०८१ हा १९८० सालचा मेनफ्रेम पाण्यानेच थंड होत असे.

खरं नुकसान गळतीपेक्षा घाणीने होतं, आणि या मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नसतो. कोल्ड प्लेटमधल्या पातळ पात्यांमधली फट बऱ्याचदा १०० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या, आसपास असते. वेल्डिंगचा कचरा, थ्रेड टेपचा तुकडा, जिवाणूंचा चिकट थर, काहीही तिथे अडकतं. म्हणून सर्व्हर जोडण्याआधी पाइप फ्लश करणं आणि २५ ते ५० मायक्रॉनचा फिल्टर ठेवणं टाळता येत नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक अगदी साधी असते: पातळी उतरली म्हणून कुणीतरी नळाचं पाणी ओततो. त्यातून क्लोराइड आणि क्षार येतात, गंजरोधक पातळ होतं, आणि ग्लायकॉल २० टक्क्यांखाली गेलं की ते जिवाणूंना रोखण्याऐवजी पोसू लागतं. तांब्याच्या लूपमध्ये ॲल्युमिनियमचा एखादा भाग जोडला, तर तो गंजून त्याचाच गाळ प्लेटमध्ये बसतो. फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक वाढत असेल, किंवा सारख्याच कामावर एकच चिप शेजारणीपेक्षा गरम दिसत असेल, तर द्रवाचा नमुना लगेच तपासायला पाठवावा.

प्रवाह थांबणं हा दुसरा मोठा धोका. पंप बंद पडला की चिप काही सेकंदांत वेग कमी करते, मग बंद होते. सर्व्हर यूपीएसवर आणि सीडीयूचे पंप साध्या लाइनवर, ही मांडणी म्हणूनच अक्षम्य आहे.

आता पाण्याच्या वापराचं. रॅकमधला लूप बंद असतो. एकदा भरलेला द्रव तिथेच फिरतो. पाणी खर्च होतं ते बाहेरच्या कूलिंग टॉवरमध्ये: १ किलोवॅट-तास उष्णता बाष्पीभवनाने घालवायला जवळपास दीड लिटर, शिवाय क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी वेगळं. टॉवरच ठेवला, तर लिक्विड कूलिंगमुळे पाणी आपोआप वाचणार नाही. पण कोल्ड प्लेटला गार पाणी लागत नाही. अनेक यंत्रणा ४० अंशांचं पाणीही चालवून घेतात, आणि बाहेरची हवा तिशीत असली तरी ते ड्राय कूलरने, म्हणजे पाइपांवर नुसती हवा सोडणाऱ्या यंत्राने, एक थेंबही न उडवता थंड करता येतं. उलट फार गार पाणी घातकच. २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होऊन धरते ते, १६ अंशांच्या आसपास असतो. १२ अंशांचं पाणी सोडलं, की होजवर दव धरून तेच सर्व्हरवर ठिबकेल. पुरवठा दवबिंदूच्या किमान २-३ अंश वर ठेवावा.

राहता राहिलं एसी काढून टाकणं. कोल्ड प्लेट बसते मुख्यतः प्रोसेसरवर. नेटवर्क कार्ड, पॉवर सप्लाय, अनेकदा मेमरीसुद्धा हवेवरच असते. १२० किलोवॅटमधली १५ टक्के उष्णता हवेत गेली, तरी ते १८ किलोवॅट होतात, हवेवर चालणाऱ्या एका अख्ख्या रॅकपेक्षाही जास्त. खोलीतली हवा बंद पडली, तर प्रोसेसरचे आकडे ठणठणीत दिसत असताना नेटवर्क कार्ड तापून सर्व्हर एकामागून एक बंद पडू शकतात. त्यामुळे अलार्म द्रव आणि हवा दोन्हींवर लावावा.