ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा

गेल्या शनिवारी मैत्रिणीकडे आम्ही सहा-सात जण 'सुस्पिरिया' बघायला बसलो होतो. इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा भयपट, १९७७ सालचा. दहा मिनिटं झाली नसतील तोच कुणीतरी म्हणालं, "ओठ बघा, ओठ! काय भंगार डबिंग आहे." झालं. पुढे सगळे फक्त ओठच बघत बसले आणि पिक्चर हातचा गेला. मला ते मनापासून लागलं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मी बारा वर्षं डबिंग करतेय. ओठ जुळले नाहीत की टेक परत द्यावा लागतो, हे मला कुणी सांगायला नको. तरीही माझं ठाम मत आहे की इटालियन भयपटातला तो सुटा, तरंगता आवाज हा दोष नाही. अर्धी भीती त्या आवाजातच आहे.

मुळात "ओरिजिनल भाषेत बघू या" असं या सिनेमांबद्दल म्हणताच येत नाही. त्या काळी इटलीत सेटवरचा आवाज सहसा पडद्यापर्यंत पोचायचाच नाही. एक नटी इंग्रजीत बोलायची, समोरचा इटालियनमध्ये, तिसरा जर्मनमध्ये, आणि सगळ्यांचं बोलणं नंतर स्टुडिओत नव्याने भरलं जायचं. मुसोलिनीच्या सरकारने १९३०च्या दशकात परदेशी सिनेमे इटालियनमध्ये डब करण्याची सक्ती केली, त्यातून तिथे या कामाची मोठी परंपराच उभी राहिली. 'सुस्पिरिया'च्या इंग्रजी आवृत्तीत नायिका जेसिका हार्परचा आवाज तिचा स्वतःचा आहे, पण जर्मन नट उडो किएरच्या तोंडून दुसराच माणूस बोलतो. दिग्दर्शक मारिओ बावाच्या १९६०च्या 'ब्लॅक संडे'मधले बार्बरा स्टीलचे डोळे सगळ्यांना आठवतात; आवाज तिचा नव्हता.

डबिंगच्या बूथमध्ये माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. पडद्यावरचा माणूस लांब जिन्यावर उभा असतो, आवाज मात्र अगदी कानाशी येतो. त्यात ना त्या खोलीचा घुमारा, ना कपड्यांची सळसळ. घरात कुणी नसताना मागून हाक ऐकू यावी, तसं होतं ते.

आणि आर्जेंतोला हे सगळं कळत होतं. 'सुस्पिरिया'ची सुरुवात आठवा. नायिका सूझी बॅलेच्या शाळेत शिकायला आलीय आणि विमानतळावरून बाहेर पडतेय. आत नेहमीची गजबज. समोरचं सरकतं दार उघडलं की बाहेरच्या वादळाबरोबर गॉब्लिन या इटालियन बँडचं संगीत आत येतं, दार मिटलं की संगीतही तुटतं. पुन्हा उघडतं, पुन्हा येतं. म्हणजे ते संगीत बाहेरच्या जगातच आहे, तिची वाट बघत थांबलंय. एकही संवाद नाही, आणि माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. गॉब्लिनने बरंचसं संगीत शूटिंगच्या आधीच तयार केलं होतं आणि आर्जेंतो ते सेटवर मोठ्याने लावायचा. नटांच्या चेहऱ्यावरची धास्ती पाहिली की पटतं. त्या मुख्य धूनमध्ये बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य आहे आणि आपला तबलाही आहे! हेडफोन लावून ऐका. मैफलीतला तबला नव्हे. तालाची सोबत सुटून नुसता घुमणारा. वर गॉब्लिनच्याच क्लाउदिओ सिमोनेत्तीची कुजबुज.

आर्जेंतोच्या सिनेमांत डोळे हमखास फसवतात आणि खरं काय ते कानांना आधी कळतं. 'द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज' (१९७०) मध्ये नायक दोन काचांच्या दारांमध्ये अडकतो. समोर बाई रक्ताळलेली, पण त्याला काही ऐकू येत नाही, त्याचं ओरडणं बाहेर जात नाही. त्याने जे पाहिलं त्याचा अर्थ तो चुकीचा लावतो. माग लागतो तो फोनच्या रेकॉर्डिंगमागे ऐकू येणाऱ्या एका पक्ष्याच्या आवाजावरून. याच सिनेमात संगीतकार मॉरिकोनेने अंगाईसारख्या चालीवर गायिका एद्दा देल्लोर्सोचा शब्दांवाचूनचा आवाज ठेवलाय. 'प्रोफोन्दो रोस्सो'मध्ये (१९७५) खून व्हायच्या आधी लहान मुलाचं गाणं वाजतं. 'सुस्पिरिया'त तर पावसात ओरडलेले, अर्धेमुर्धे ऐकू आलेले शब्द म्हणजेच किल्ली आहे.

सगळ्याच डबिंगची बाजू मी घेणार नाही. दुसरा इटालियन दिग्दर्शक लुचिओ फुल्ची याच्या 'द हाउस बाय द सिमेटरी'मधला छोटा बॉब इंग्रजीत ऐका. मोठ्या माणसाने लहान मुलाचा आवाज काढलाय हे लगेच कळतं. मूल लांब वाक्याच्या मध्येच कुठेतरी श्वास घेतं; मोठं माणूस वाक्य एका दमात संपवतं. तिथे भीती मोडते, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण सिनेमा चांगला आहे.

ट्रेलरबद्दल एकच सांगते. 'सुस्पिरिया'च्या अमेरिकन ट्रेलरमध्ये पाठमोरी बाई केस विंचरतेय आणि बालगीतासारखी फुलांची कविता म्हणतेय. शेवटी वळते तर चेहऱ्याच्या जागी कवटी. हे दृश्य सिनेमात कुठेच नाही. पण त्या कवितेतलं आयरिसचं फूल सिनेमात आहे, आणि ते का आहे हे सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेल्यालाच कळेल.

येत्या शनिवारी माझ्याकडे या. हाच सिनेमा पुन्हा लावते, दिवे घालवून, नीट स्पीकरवर. शाळेतल्या मुली अंथरुणात पडून रात्री शिक्षिकांची पावलं मोजतात तो प्रसंग आला की डोळे मिटा. पावलं दाराकडे जातायत की आत, तुम्हीच मोजा.