लोकअदालतीत 'नाही' म्हणता येतं

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली. बहिणीच्या नवऱ्याच्या अपघाताचा अठरा लाखांचा दावा लोकअदालतीत सात लाखांत मिटवला, आता अपीलही नाही, ही सरळसरळ गरिबाची बोळवण आहे आणि मी तिचीच आरती ओवाळतोय, असं तुम्ही लिहिलंय. आरतीचा आरोप मला मान्य नाही. बोळवण मात्र होते, आणि ती बहुतेक वेळा टेबलापाशी बसण्याआधीच झालेली असते.

समोर न्यायाधीश बसलेले असतात, म्हणून पक्षकार घरी जाऊन सांगतो, "साहेबांनी सात लाख केले." पण लोकअदालतीच्या पॅनेलला निकाल द्यायचा अधिकारच नाही, फक्त दोघांत तडजोड घडवायचा आहे. पंजाबातल्या एका अपघात प्रकरणात लोकअदालतीने संमतीविनाच भरपाई वाढवून दिली, तर 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेशही टिकू दिला नाही. वाढवून दिलेली भरपाई, तरीही! तडजोड जमली नाही तर प्रकरण जिथून आलं तिथे परत जातं आणि पुढे चालतं. हे पक्षकाराला कुणी नीट सांगत नाही, हा तुमचा राग रास्त आहे.

विमा कंपनीचा अधिकारी वरून मंजूर करून आणलेला आकडा फाईलमध्ये घेऊन येतो. आपल्याकडे आकडा नसतो. तो काढणं अवघड नाही. समजा मृताचं वय 38, स्वतःचा छोटा व्यवसाय, महिना 10,000 कमाई, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे 1 लाख 20 हजार. भविष्यातल्या वाढीसाठी त्यात 40 टक्के धरायचे : 1 लाख 68 हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 1 लाख 26 हजार. या वयाला 15 चा गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा), म्हणजे 18 लाख 90 हजार. अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. कमाईचा पुरावा कच्चा असेल किंवा अपघातात चूक मृताचीही असेल तर आकडा उतरतो. पण किती उतरतो आणि का, हे वकिलाला सहीआधी विचारायचं.

अपील नाही, ही गोष्ट मला दोष वाटत नाही. आपल्याला नाही तसं कंपनीलाही नाही. लोकअदालतीऐवजी मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा चालवून जिंकलात तर कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकते, आणि अपील दाखल करायला कायद्याने भरावे लागतात 25,000 किंवा निम्मी रक्कम, यातलं जे कमी असेल ते. स्थगिती हवी तर न्यायालय जास्त भरायला लावतं, पण वर्षं जातातच. लोकअदालतीच्या निवाड्यावर थेट दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, टाकता येते. म्हणून तडजोडीच्या पुरसीसमध्ये (दोघांच्या सहीने न्यायालयात देतात त्या लेखी निवेदनात) पैसे कधीपर्यंत द्यायचे ती तारीख आणि चुकल्यास व्याज लिहून घ्यावं. छापील नमुन्यात ती जागा कोरी राहिलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

तुमच्या बहिणीचं म्हणाल, तर 'रक्कम कमी मिळाली' एवढ्यावर काही होणार नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग आहे, तोही संमतीतच खोट असेल तर. निवाड्याची प्रमाणित नक्कल काढा. सही बहिणीची आहे की फक्त वकिलांची, ते बघा. आणि मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते. ती घेतल्याची नोंद कागदात आहे का, ते मला कळवा.