मावळ्याचं माप

दिवाळी जवळ आली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, प्लास्टरचा रेडीमेड किल्ला आणून गॅलरीत ठेवणं हा काय सण झाला? दुसरा म्हणतो, सोसायटीत माती टाकली की सेक्रेटरी नोटीस लावतो, बांधायचा कुठे ते सांगा. मग कुणीतरी मला ओढतं : "तू तिकडे बसून काय म्हणतेस?"

तिकडे म्हणजे इंग्लंडातलं नॉटिंगहॅम. चिमुकल्या सैनिकांचं पंढरपूरच. वॉरहॅमर हा चिमुकल्या सैन्यांच्या लढाईचा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथलंच, आणि 2024च्या डिसेंबरात ही कंपनी लंडन शेअरबाजारातल्या सगळ्यात मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत, एफटीएसई 100मध्ये, जाऊन बसली. खेळण्यातल्या शिपायांच्या जिवावर! हा रोग आमच्याही घरात आहे. साधारण 40 पौंडांत दहा शिपाई, तेही आख्खे नाहीत. हात, डोकी, बंदुका प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेल्या. कापा, पात्याने खरवडा, चिकटवा, प्रायमर मारा, मग रंगवा. रंगाची 12 मिलीची डबी वेगळी, ब्रश वेगळे. हिशेब ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे मोजून वर काम आपणच करायचं?"

हो, त्याचेच तर पैसे! रात्री ओटा आवरून दिव्याखाली बसायचं आणि बोटाच्या दोन पेरांएवढ्या माणसाच्या डोळ्यात ठिपका द्यायचा. श्वास रोखावा लागतो. त्या वेळी ऑफिसातलं काही डोक्यात शिरत नाही. (न उघडलेल्या पेट्या सात आहेत, पण ते सासूबाईंपर्यंत जायला नको.)

तेव्हा विकत आणणाऱ्यांना नावं ठेवायला मला तोंड नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्या रेडीमेड किल्ल्यात पोरांना करायला काही शिल्लकच नसतं. बुरूज, पायऱ्या, दरवाजा, सगळं रंगवून हातात. कुंभाराकडे न रंगवलेले मावळे मिळाले, तर मी रंगवलेल्यांच्या दुप्पट भावाने घेईन.

इथे मापाचं वेड मात्र जबर. 1:72च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या, विमानाशेजारी 1:76चा रणगाडा ठेवला की आमच्या क्लबातल्या एका आजोबांना चैन पडत नाही. आमच्या विटा-पोत्याच्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच, गवळण तोफेपेक्षा मोठी आणि वाघ बुरुजाएवढा. तिथे माप मिलिमीटरने नाही, मानाने ठरायचं. शिवाय तुळशीचं लग्न झालं की माती परत कुंडीत. साठवायचा खर्च शून्य. माझा इथला माळा भरून वाहतोय.

गेल्या दिवाळीत मागच्या अंगणात पावसात भिजत आम्ही किल्ला केला. हिरवळीला हळीव लागतो, तर इथली शाळकरी पोरं कापसावर क्रेस उगवतात तो हळीवच निघाला. महाराज पुण्याहून बॅगेत आले, पहाऱ्याला मुलाने वॉरहॅमरचे शिपाई उभे केले. आजोबा बघायला आले, वाकले आणि विचारलं, "स्केल काय?"

मुलगा म्हणाला, "महाराज सगळ्यात मोठे."

आजोबा बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ते खिशातून एक गाय घेऊन आले. 1:76ची, स्वतः रंगवलेली. महाराजांच्या मोजडीएवढी.