खाऊचे पैसे आणि बाबांचा खिसा

दर पावसाळ्यानंतर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक फोटो येतो. मध्ये पुठ्ठ्याचा भलामोठा धनादेश, त्याच्यामागे नुसते केस दिसणारं तिसरीतलं मूल, दोन्ही बाजूंना मोठी माणसं आणि खाली ओळ : ‘खाऊच्या पैशांतून पूरग्रस्तांना ५१०० रुपयांची मदत’. आपल्याही पाल्याचा असा फोटो यावा, असं वाटणं स्वाभाविक आहे. पहिली खबरदारी एवढीच घ्यायची, की पाल्याला भागाकार येत नसावा. आठवड्याला दहा रुपये खाऊला मिळतात आणि त्यातला एकही त्याने चिंचेच्या गोळीवर उडवला नाही असं धरलं, तरी ५१०० रुपये साठायला ५१० आठवडे लागतात. झाली जवळजवळ दहा वर्षं. तिसरीतलं मूल आठ वर्षांचं असतं. म्हणजे जन्माच्या पावणेदोन वर्षं आधीपासून त्याने खाऊ सोडलेला असला पाहिजे. फोटोखालची ओळ मुलाला मोठ्याने वाचायला लावू नका.

मुलांना दान शिकवण्याच्या या विद्येचं मूळ तत्त्व आपल्या पूर्वजांनी सांगूनच ठेवलं आहे : तुळशीपत्र आपलं, घर हलवायाचं. मुलाच्या बाबतीत हलवाई घरातच राहतो, ही मोठी सोय. चिरंजीवांनी तुळशीपत्र ठेवायचं, बाबांनी खिशात हात घालायचा आणि टाळ्या चिरंजीवांना. अशा रीतीने मुलाच्या मनात लहानपणीच ठसतं, की देताना आपलं काहीच कमी होत नाही.

प्रत्यक्ष शिक्षणाची सुरुवात कूपनांपासून होते. स्नेहसंमेलनाच्या आधी शाळेतून पंचवीस कूपनांचं पुस्तक येतं, कूपन वीस रुपयांचं. एका पुस्तकाचे पाचशे, साठ मुलांच्या वर्गाचे तीस हजार. पुस्तक हातात पडताच मूल बावळटासारखं सोसायटीतली दारं वाजवायला निघतं. त्याला जिन्यातच गाठा. दारोदार गेलं की काय होतं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दार उघडतात आणि विचारतात, ‘कशासाठी रे बाळा?’ मग मुलाला सांगावं लागतं. सांगण्यासाठी ते आधी माहीत असावं लागतं. माहीत नसेल तर ते दुसऱ्या दिवशी बाईंना विचारतं आणि बाईंना मुख्याध्यापकांना विचारावं लागतं. एका वीस रुपयांपायी अख्खी संस्था हलते. शिवाय कुणी ‘नको’ म्हणतं, कुणी पाण्याचा ग्लास पुढे करतं, वॉचमन न मागता दहाची नोट काढून देतो. कोण देतं आणि कोण देत नाही, हे त्या कोवळ्या वयात कळलेलं बरं नव्हे.

त्यापेक्षा पुस्तक बाबांच्या बॅगेत टाका. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात जरा वरची जागा असेल, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुस्तक संपतं. हाताखालची माणसं कशासाठी म्हणून विचारत नाहीत. पगारवाढीचा महिना जवळ असेल तर दोन-दोन घेतात. इथे चुकतं ते एकाच जागी. पैसे आईच्या फोनवर यूपीआयने येतात, कूपनं फाडायची राहून जातात आणि शाळेला मात्र रोख रक्कम व भरलेल्या स्थळप्रती हव्या असतात. आदल्या रात्री साडेदहाला हे लक्षात येतं. मग पंचवीस नावं मनानेच लिहावी लागतात. दोन पेनं वापरा, एक निळं, एक काळं. पाटील चारपेक्षा जास्त नकोत. अक्षर मुलाचं असावं, म्हणजे बनावट नोंदी ठेवण्याचंही प्राथमिक शिक्षण त्याच बैठकीत उरकतं.

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. हा दिवस १९४९ पासून पाळतात. लाल, गडद निळा आणि आकाशी असा तीन पट्ट्यांचा कागदी झेंडा, तीन सैन्यदलांचे तीन रंग. झेंडा लावायचा, डब्यात पैसे टाकायचे, पैसे माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी जातात. इतकी सरळ गोष्ट असल्यामुळे इथे शिकवण्यासारखं फारसं काही नाही. झेंडा गाडीच्या काचेला आतून चिकटवा, पुढच्या डिसेंबरपर्यंत पुरतो.

रद्दीदान मात्र कसबाचं काम. शाळा वर्गावर्गांत स्पर्धा लावते, ज्या वर्गाची रद्दी किलोने जास्त त्याला ढाल. घरोघरी वर्तमानपत्र येणं कमी झालंय, त्यामुळे घरची रद्दी महिन्याला दोन-तीन किलोच्या पुढे जात नाही. तेव्हा थेट रद्दीवाल्याकडे जा आणि तो ज्या भावाने घेतो त्याच्यावर दोन रुपये देऊन चाळीस किलो उचला. मासिकं आधी बघा. गुळगुळीत कागद जड असतो, त्याच गठ्ठ्यात वजन जास्त बसतं. काही पालक गठ्ठ्याच्या मध्ये ओला पुठ्ठा सरकवतात. तो प्रकार आम्हाला पसंत नाही, दोन दिवसांत वास येतो आणि वर्गाचं नाव जातं. स्पर्धा संपली की शाळा टेम्पो बोलावते. टेम्पो त्याच रद्दीवाल्याचा असतो. आपलीच रद्दी तो किलोमागे थोडी स्वस्तात परत घेतो. चाळीस किलो कागद गावभर फिरून मूळ ठिकाणी पोचला. त्यात तुमचे पैसे गेले, शाळेला थोडे मिळाले, रद्दीवाल्याला दोन्हीकडून मिळाले आणि वर्गाला ढाल मिळाली. अर्थशास्त्र शिकवायला दहावीपर्यंत थांबायची गरज नाही.

शाळेला वस्तू द्यायची असेल तर पंखा द्या. तीन पात्यांवर तीन ओळी बसतात : कै. आजोबांच्या, स्मरणार्थ, नातवाकडून. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होतं, एवढीच अडचण. म्हणून भेट दिल्या दिवशी रेग्युलेटर एकवर ठेवायला सांगा. पाण्याचा कूलर द्यायचा तर फलक संगमरवरी घ्या. कूलरचं फिल्टर ठरावीक काळाने बदलावं लागतं, टाकी धुवावी लागते, उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बसला तर मेकॅनिक बोलवावा लागतो. त्याचे पैसे द्यायला कुणी पुढे येत नाही, कारण फिल्टरवर नाव कोरता येत नाही. वर्षा-दोन वर्षांत कूलर बंद पडतो. फलक राहतो. मुलं खालच्या नळाचं पाणी पिताना तो वाचतात, तेव्हा अक्षर त्यांच्या उंचीला येईल असं बसवून घ्या.

आता सहलीकडे वळू. थंडी पडली, निफाडचा पारा एक आकड्यावर आल्याची बातमी आली, की पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आदिवासी पाड्यांची आठवण काढण्याचा हंगाम सुरू होतो. मुलाला स्वतःच्या हातून दान करायला शिकवायचं तर ही उत्तम संधी. पाडा निवडताना रस्त्यालगतचा निवडा. पेठ रस्त्याला सावळघाटाच्या अलीकडचाच असेल तर फार चांगलं, कारण घाटाच्या वळणांवर मुलांना उलट्या होतात आणि मग फोटोत चेहरे उतरलेले येतात. त्या पाड्यावर गेल्या रविवारी दुसरा गट ब्लँकेटं देऊन गेला असेल, येत्या रविवारी तिसरा येणार असेल. त्याने बिघडत नाही. डोंगरापलीकडच्या पाड्याला अजून एकही मिळालेलं नसेल, पण तिथे मोटार जात नाही आणि दान हे मोटारीच्या टप्प्यात असावं.

कपड्यांची निवड घरीच करा. ज्याची चेन तुटली, ज्याची काख उसवली, जे मावशीने दिलं म्हणून टाकवत नव्हतं, ते सगळं एका पोत्यात. लग्नातला जरीचा घागरा अवश्य टाका, डोंगरउतारावर नाचणीची निंदणी करताना फार कामी येतो. धुऊन, बटणं लावून, वयाप्रमाणे वेगळे गठ्ठे करून वर ‘६ ते ८ वर्षं’ अशी चिठ्ठी लावली, तर तिथल्या शिक्षकांचे दोन दिवस वाचतात. पण मग आपल्या घरच्यांची रविवारची सकाळ जाते. बूट एकाच मापाचे घ्या, घाऊक भाव मिळतो. पन्नास मुलांच्या पायांची मापं वेगवेगळी निघतात, हा त्यांचा दोष. वह्या द्यायच्या तर दोनशे पानी एकेरीच द्या. पहिली-दुसरीच्या पोरांना इंग्रजीसाठी चाररेघी लागते, हे विचारण्यासाठी एक फोन करावा लागेल आणि फोन केला की गुरुजी काय हवं तेच सांगतात.

पाठ्यपुस्तकं सरकारी शाळेत आठवीपर्यंत मोफत मिळतात, तेव्हा ती नेलीत तर कुणाच्या उपयोगी पडणार नाहीत. नेऊन बघायला हरकत नाही.

कार्यक्रम दहाचा सांगा आणि साडेबाराला पोचा. तिथली मुलं नऊपासून रांगेत बसलेली असतात, स्वागतगीत पाठ असतं. तुमच्या पाल्याने ब्लँकेटचं एक टोक धरायचं, घेणाऱ्याने दुसरं आणि फोटो निघेपर्यंत कुणीच सोडायचं नाही. घेणारा पाल्याच्याच वयाचा असतो आणि कधी कधी दोघं एकमेकांकडे बघून हसतात, खेळायला जाऊ का म्हणून विचारतात. त्यांना लगेच वेगळं करा. एकदा का विटी-दांडूचा डाव रंगला, की देणारा कोण आणि घेणारा कोण ते फोटोत ओळखू येत नाही.

इतकं लांब जाणं होत नसेल तर गोदावरीवरचं रामकुंड आहेच. मुलाच्या हातात नाणं द्या, डोळे मिटायला सांगा, पाण्यात टाकायला सांगा. यातही तारतम्य हवं. एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची असतात, चुंबकाला चिकटतात. पाचचं हल्लीचं पितळी नाणं चिकटत नाही. खाली पाण्यात कुणाचा तरी मुलगा दोरीला चुंबक बांधून उभा असतो, त्याच्या सोयीसाठी एकचंच टाका. तो बुडी मारून पाचचंही काढतो, पण सकाळच्या पाण्यात त्याला कशाला त्रास. तुमच्या पाल्याने विचारलं की नाणं सरळ त्याच्या हातातच का नाही द्यायचं, तर ‘मोठ्यांना उलट उत्तरं देऊ नये’ हे सांगायची हीच वेळ.

श्रमदान २ ऑक्टोबरला, गोदाघाटावर. चाळीस मुलं, पाच खराटे, चाळीस जोड्या हातमोजे, चाळीस पाण्याच्या बाटल्या. मुलं गेल्यावर घाटावर हातमोजे आणि बाटल्या उरतात. जवळच्या पुलाला गाडगे महाराजांचं नाव आहे. ते गावात शिरले की कुणी यायच्या आधी खराटा मारायला लागत आणि रात्री कीर्तन करत. त्यांच्यापाशी हातमोजे नव्हते.

कागदपत्रांची बाजूही मुलाला लवकर समजावी. ‘ऐच्छिक’ हा शब्द बालवाडीच्या प्रवेशालाच शिकवून टाका. ऐच्छिक म्हणजे इच्छेने, फक्त इच्छा कुणाची ते वाक्यात लिहिलेलं नसतं. प्रवेशासाठी देणगी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ती देणगी प्रवेशासाठी नसतेच, ती प्रवेशाच्या दिवशी असते. पावती मागा. देणगीवरची आयकराची सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या करपद्धतीत तर अजिबातच मिळत नाही. हे ऐकून पुष्कळ पालकांची दानशूरता एका आर्थिक वर्षात आटोपते.

जुन्या लोकांच्या पद्धती वेगळ्या होत्या. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी बायका दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढत, त्याला मुष्टिफंड म्हणत. विनोबांनी सर्वोदय-पात्र सुचवलं : घरातल्या लहान मुलाने रोज आपल्या मुठीने धान्य भांड्यात टाकायचं. मूठ लहान मुलाचीच का, तर ते विसरत नाही आणि आईलाही विसरू देत नाही. मुलाच्या मुठीत पंचवीस ग्रॅम तांदूळ मावतात असं धरलं, तरी वर्षाला नऊ किलोंवर जातात. पण यात बघा, धनादेश नाही, पाहुणे नाहीत आणि हे रोज करायचं. शिवाय रोज संध्याकाळी मूल विचारणार, ‘आई, आज टाकले का?’ एवढा वेळ कुणाला आहे?

शेवटी एक धोक्याची सूचना. सगळं नीट करूनही काही मुलांमध्ये बिघाड होतोच. डबा रोज पूर्ण संपतो, तरी घरी आल्यावर मूल अधाशासारखं जेवतं. कंपासपेटीतला कर्कटक नसतो. आणि मग जानेवारीतल्या एखाद्या सकाळी शाळेत घालून गेलेलं नवं स्वेटर संध्याकाळी अंगावर नसतं. ‘हरवलं का?’ म्हटलं तर ‘नाही.’ ‘मग?’ ‘त्याच्याकडे नव्हतं.’ एवढंच उत्तर, पावती नाही, फोटो नाही. तो म्हणजे बहुधा शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेला वर्गातला मुलगा.

रागावू नका, घाईही करू नका. पत्ता मुलाकडूनच काढून घ्या आणि रविवारी जा, आई-वडील दोघं घरी सापडतात. ‘चुकून अदलाबदल झाली’ म्हणायचं. त्याची आई काही विचारणार नाही. स्वेटर तिने धुऊनच ठेवलेलं असेल, घडी घालून तुमच्याच पिशवीत देईल आणि पिशवी रिकामी कशी परत करायची म्हणून वर चार पेरू ठेवील. नको म्हणत बसू नका, वेळ जातो. पेरू घ्या. फक्त मुलाला वर नेऊ नका. त्याला खाली गाडीतच बसवून ठेवा, काचा वर करून.